तुम्ही विचारलंत म्हणून: थेट बागेतला हापूस, तरी आत साका?

"मध्ये दलाल नाही, बागायतदाराकडून थेट मागवला, मग पाच डझनांत सात आंबे आतून पांढरे कसे?" दर मे महिन्यात हे विचारलं जातं, आणि त्याच्या पोटात दुसरा प्रश्न असतो: फसवलंत का? नाही. साका, म्हणजे बाठ्याजवळचा गर पांढुरका पडण्याचा दोष, बाहेरून ओळखू येत नाही. पेटी भरणाऱ्यालाही नाही.

साल पिवळी, वास घमघमीत, देठाजवळचा गर केशरी. सुरी बाठ्याजवळ पोचली की पांढुरका, स्पंजासारखा, मध्ये पोकळी असलेला गर लागतो. चव आंबट, उबट. सडका नाही, कीडही नाही. फळ झाडावर फार तयार झालं की बाठ्यातलं बी रुजण्याच्या तयारीला लागतं आणि भोवतालच्या गरातलं पाणी ओढतं, असं संशोधन सांगतं. त्यात भर उन्हाची. तापलेल्या कातळाची धग खालच्या फांद्यांवरच्या फळांना जास्त लागते. म्हणून झाडाखाली वाळल्या गवताचं आच्छादन घालायचं, काढणी सकाळी दहाच्या आत नाहीतर चारनंतर करायची आणि काढलेला आंबा क्षणभरही उन्हात ठेवायचा नाही. दुपारी कातळावर रचलेला ढीग म्हणजे साक्याला आमंत्रणच.

खरी मेख काढणीच्या वेळेत आहे. आंबा चौदा आणे तयार असताना (सोळा आणे म्हणजे पूर्ण तयार), देठासकट, झेल्याने, म्हणजे जाळी लावलेल्या काठीने, उतरवायचा. पंधरा-सोळा आण्यांवर गेला की गोडी वाढते आणि साकाही. "झाडावर पिकलेला सर्वांत चांगला" हे आम्हीच वर्षानुवर्षं सांगत आलो. रायवळाला, म्हणजे बाठ्यापासून उगवलेल्या गावठी आंब्याला, ते चालतं. हापूसच्या बाबतीत ते अर्धंच खरं होतं, आणि उरलेलं अर्धं सांगायला आम्हाला उशीर झाला.

मोजून पाहायचं असेल तर उपाय आहे. आंबा साध्या पाण्यात बुडला की तयार. मग 10 लिटर पाण्यात 250 ग्रॅम मीठ विरघळवा. त्यात तरंगला तर बरा, त्यातही बुडला तर फळ जास्त जड, साक्याचा धोका मोठा. मग गोड्या पाण्याने धुऊन सावलीत सुकवायचा. दहा पेट्यांना हे जमतं. दिवसाला शंभर पेट्या भरायच्या असल्या की कोणी करत नाही, आणि करतो म्हणणाऱ्याला दोनदा विचारा.

घरी आल्यावर हिरवे आंबे पेंढ्यावर एका थरात पसरा आणि रोज चाळा, सुरकुतलेला आधी खा. कच्चा फ्रीजमध्ये टाकलात तर तो नीट पिकतच नाही, त्याचा दोष बागेवर घालू नका. एकसारखा पिवळा, दाबल्यावर घट्ट आणि आत आंबट निघाला तर कार्बाइडचा, म्हणजे आंबा झटपट पिकवायच्या रसायनाचा, संशय घ्या. त्यावर कायद्याने बंदी आहे.

साका नसलेला आंबाही आहे: रत्ना, नीलम आणि हापूसच्या संकरातून दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने 1981 मध्ये दिलेला. पण पेटीवर "रत्ना" लिहिलं की "हापूस नाही का?" हाच फोन येतो.

बाजारातल्या पेटीतही साका असतोच, फक्त तिथे तक्रार कुठे करायची ते कुणाला ठाऊक नसतं. थेट विक्रीत फोन नंबर असतो. साक्याचे आंबे भरून द्यावेत की किमतीतच धरावेत, यावर बागायतदारांचं अजून एकमत नाही, आमचंही नाही.