सिस्टर, एवढं एक टोचून द्या ना

मी नर्स आहे हे आमच्या सोसायटीत सगळ्यांना माहितीये, त्यामुळे ड्युटीवरून आले की कुणीतरी केमिस्टची छोटी पिशवी घेऊन दारात असतंच, आत एक ॲम्प्युल म्हणजे औषधाची काचेची कुपी, एक सिरिंज, चिठ्ठी कधी असते कधी नसते. बहुतेक वेळा व्हिटॅमिन बी-ट्वेल्व्ह, नाहीतर व्हिटॅमिन डी थ्री, नाहीतर नुसतं "ताकदीचं". आणि हल्ली तर लोक माझ्याकडेही येत नाहीत, व्हिडिओ बघून घरच्या घरीच टोचतात, नवरा बायकोला आणि सून सासूबाईंना. बरेच दिवस यावर लिहायचं होतं कारण मला खरंच काळजी वाटते.

आधी हे सांगते की मी इंजेक्शनच्या विरोधात नाही. बी-ट्वेल्व्हची कमतरता आपल्याकडे खरोखर आहे. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या टीमने १९९३ पासून पुण्याजवळच्या गावांमधल्या आया आणि त्यांची मुलं यांचा अभ्यास केला, त्यात साधारण दोन तृतीयांश आयांचं बी-ट्वेल्व्ह कमी निघालं. आणि ज्या आयांचं बी-ट्वेल्व्ह कमी पण फोलेट (हेही एक बी व्हिटॅमिनच) जास्त होतं, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी शरीराने इन्सुलिनला दाद न देण्याचं, म्हणजे पुढे डायबेटिसकडे नेऊ शकणारं, प्रमाण सगळ्यात जास्त दिसलं, हे २००८ मध्ये छापून आलं. म्हणजे हा विषय नुसता थकव्याचा नाहीये. पायाला मुंग्या येणं, जीभ लाल होऊन सोलवटणं, चालताना तोल जाणं, विसरायला होणं, हे सगळं यातून होतं आणि फार उशीर झाला तर नसांचं नुकसान कायमचं राहतं. अशा पेशंटला, किंवा ज्याचं पोटाचं ऑपरेशन झालंय, लहान आतड्याचा शेवटचा भाग काढलाय, किंवा पर्निशियस ॲनिमिया आहे, म्हणजे पोटातून बी-ट्वेल्व्ह शोषलंच जात नाही, त्याला इंजेक्शन द्यायलाच हवं आणि मी ते आनंदाने देते.

पण बाकीच्यांना मी पहिलं विचारते की रिपोर्ट कुठाय. तर रिपोर्ट नसतोच. अहो, एकदा इंजेक्शन घेतलं की रक्तातली पातळी इतकी वर जाते की नंतर काही आठवडे, कधी काही महिने तपासणी करून काहीच नीट कळत नाही, मुळात कमी होतं का आणि का कमी होतं हे दोन्ही झाकलं जातं. आमच्याच मजल्यावरचे एक काका, डायबेटिस आहे, मेटफॉर्मिन कित्येक वर्षं चालू, ॲसिडिटीची गोळी रोज सकाळी उपाशीपोटी, आणि तळपायाला मुंग्या येतात म्हणून मध्येमध्ये बी-ट्वेल्व्ह टोचून घ्यायचे. मुंग्या शुगरमुळेही येतात आणि बी-ट्वेल्व्ह कमी झालं तरी येतात, आणि मेटफॉर्मिन आणि ॲसिडिटीच्या गोळ्या दोन्ही वर्षानुवर्षं घेतल्या तर बी-ट्वेल्व्ह कमी होऊ शकतं. मुंग्यांचं कारण त्यांच्या औषधाच्या डब्यातच असू शकत होतं पण तो डबा कुणाला दाखवलेलाच नव्हता. मी त्यांना म्हटलं काका, सुईचं नंतर बघू, आधी सगळ्या गोळ्या एका पिशवीत घाला आणि डॉक्टरांसमोर ठेवा.

"गोळीने काय होतंय, इंजेक्शन कसं थेट लागू पडतं" हे मी रोज ऐकते. बी-ट्वेल्व्ह आतड्यातून शोषून घ्यायला जठरात तयार होणारं एक प्रोटीन लागतं आणि त्या वाटेने एका वेळी जेमतेम दीड-दोन मायक्रोग्रॅमच आत जातं हे खरं आहे, पण मोठ्या डोसमधलं साधारण एक टक्का त्या प्रोटीनशिवायही आत शिरतं. हजार मायक्रोग्रॅमच्या गोळीतून दहा मिळाले, आणि दिवसाची गरज दोन-अडीचची! म्हणून बहुतेकांना गोळी पुरते, फक्त ती रोज आठवणीने घ्यावी लागते. आणि शाकाहारी मंडळींनी दूध, दही, ताक, पनीर सोडू नका. मोड आलेल्या कडधान्यांत बी-ट्वेल्व्ह नसतं, आणि स्पिरुलिनात जे असतं ते बहुतांशी शरीराला न वापरता येणारं रूप असतं.

डी थ्रीची मला जास्त धास्ती वाटते. बी-ट्वेल्व्ह जास्त झालं तर बरंचसं लघवीवाटे निघून जातं, डी तसं जात नाही, ते चरबीत साठतं. सहा लाख युनिटचं एक इंजेक्शन म्हणजे रोजच्या सहाशे युनिटच्या हिशोबाने हजार दिवसांचं एकदम. आता हेच कुणी "पाठ दुखतेय" म्हणून दर आठवड्याला घेतलं तर? कॅल्शियम वाढतं, उलट्या, बद्धकोष्ठता, सारखी लघवी, माणूस गोंधळल्यासारखा वागायला लागतो आणि किडनीवर येतं. आत गेलेलं काढून घेता येत नाही. शिवाय काही कंपन्यांचं हे औषध शेंगदाण्याच्या तेलात असतं, ज्याला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे त्याने तर लांबच राहावं. साठ हजार युनिटची आठवड्याची पावडर किंवा गोळी ठरावीक आठवडे सांगितलेली असते, ती पण काही लोक वर्षभर चालू ठेवतात, तेही करू नका.

सलाईनचं पण बोलते. अशक्तपणा आला की "एक बाटली लावून घेतो", आणि हल्ली घरी येऊन लावून देणारेही मिळतात. पाच टक्क्याच्या ग्लुकोजच्या अर्ध्या लिटर बाटलीत २५ ग्रॅम साखर असते, म्हणजे साधारण पाच-सहा चमचे. नॉर्मल सलाईनच्या तेवढ्याच बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ. ज्याला तोंडाने खाता-पिता येतंय त्याला लिंबू सरबत आणि भाताची पेज यातून तेच मिळतं, आणि ज्याचं हृदय कमजोर आहे अशा आजोबांना ते पाणी-मीठ शिरेतून भराभर गेलं तर दम लागून रात्री हॉस्पिटल गाठावं लागतं. त्या बाटलीत लाल-पिवळं मल्टिव्हिटॅमिन टाकलं की लोकांना भारी वाटतं पण हिशोब फारसा बदलत नाही.

ग्लुटाथिओन, म्हणजे लग्न ठरलं की मुली गोरं व्हायला घेतात ते. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधांना मंजुरी देणाऱ्या सरकारी संस्थेने, त्वचा उजळायला एकाही इंजेक्शनला मंजुरी दिलेली नाही आणि फिलिपिन्सच्या एफडीएने २०११ मध्येच या वापराबद्दल इशारा दिला होता, त्वचेच्या गंभीर रिॲक्शन आणि किडनीच्या त्रासाबद्दल. मला तर त्या मुलींना जवळ बसवून सांगावंसं वाटतं की बाळा तुझ्या रंगात काही कमी नाहीये. परदेशातले आपले काही नातेवाईक बीपीसी-१५७ वगैरे पेप्टाइडची (प्रोटीनच्या छोट्या तुकड्यांची) पावडर ऑनलाइन मागवून पाण्यात कालवून टोचून घेतात, त्या बाटलीवर "फक्त संशोधनासाठी" असं लिहिलेलं असतं, ते तरी वाचा. सुईने जे आत जातं ते औषधच असतं, त्याला वेलनेस म्हणा नाहीतर काही म्हणा, अमेरिकेतल्या १९९४ च्या कायद्यातसुद्धा सप्लिमेंट म्हणजे फक्त तोंडाने घ्यायचं असंच आहे.

आता ज्यांना डॉक्टरांनीच कोर्स दिलाय आणि घरीच घ्यायचाय त्यांच्यासाठी. पहिलं इंजेक्शन दवाखान्यातच घ्या आणि अर्धा तास तिथेच बसा. बी-वन आणि बी-ट्वेल्व्हच्या इंजेक्शननेही क्वचित जोराची ॲलर्जी होते, घसा सुजतो, बीपी पडतं, आणि अशा वेळी लगेच द्यायचं ॲड्रेनॅलिनचं इंजेक्शन घरात नसतं. घरात आहे म्हणून इन्सुलिनची सिरिंज वापरू नका, ती सुई कातडीखालच्या चरबीपर्यंतच जाते, स्नायूत नाही, आणि तेलकट डी तर तिच्यातून ओढलंही जात नाही. ॲम्प्युलची मान स्पिरिटने पुसा, कापूस धरून आपल्यापासून लांबच्या बाजूला मोडा, काचेचा बारीक कण आत पडलेला कधीकधी उजेडात धरलं तर दिसतो, तशी ॲम्प्युल सरळ टाकून द्या, पन्नास रुपयांसाठी जीव गुंतवू नका. उरलेलं औषध उद्यासाठी ठेवायचं नाही. दोन औषधं मनाने एका सिरिंजमध्ये मिसळायची नाहीत. आणि कुल्ह्यावर टोचत असाल तर वरचा बाहेरचा भाग, खाली किंवा आत गेलात तर सायटिक नस असते, तिला सुई लागली तर पाऊल लुळं पडू शकतं, म्हणून घरच्यांनी टोचायचं तर मांडीच्या बाहेरच्या बाजूला मधोमध, तेही आधी नर्सकडून समोर बसून शिकून.

सुई एकदाच. नवरा-बायको आहोत म्हणून दोघांना एकच, असं बिलकुल नाही. २००९ मध्ये गुजरातमधल्या मोडाशाला हेपॅटायटिस बी ची साथ आली, वापरलेल्या सुया-सिरिंज परत वापरल्यामुळे, कितीतरी लोक गेले. आणि टोचून झाल्यावर टोपण परत बसवायला जाऊ नका, बोटाला सुई अनेकदा तेव्हाच लागते. जाड प्लास्टिकची फिनाइलची रिकामी बाटली ठेवा, सुई सिरिंजसकट थेट त्यात, झाकण घट्ट, आणि पाऊण भरली की दवाखान्यात नेऊन द्या, ते त्यांच्या बायोमेडिकल कचऱ्यात घालतात, बहुतेक ठिकाणी विचारलं तर घेतात. ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकलेली सुई घंटागाडीवरच्या माणसाच्या तळहातात जाते, आमच्या कॅज्युअल्टीला अशी माणसं येतात, हाताला साधं फडकं गुंडाळलेलं, आणि मग एचआयव्ही, हेपॅटायटिस बी, सी सगळ्याच्या टेस्ट, महिनाभर औषधं आणि घरी सांगायचं काय हा प्रश्न. त्यामुळे माझ्याकडे इंजेक्शन घ्यायला येताना चिठ्ठी, रिपोर्ट आणि चालू गोळ्यांची पिशवी आणा, आणि सुईसाठीची बाटली माझ्याकडे गॅलरीत ठेवलेली आहे, तुमच्या घरच्यापण त्यात आणून टाका, मी हॉस्पिटलला घेऊन जाते.