आत्याची लढाई, आपली गाणी

२६ जानेवारी, वेंगुर्ला

सकाळपासून शाळेचा कर्णा सुरू आहे. 'ऐ मेरे वतन के लोगों' संपतं आणि परत लागतं. गाण्याबद्दल माझी तक्रार नाही. पण चीनशी लढाई थांबली नोव्हेंबर १९६२ मध्ये, आणि लताबाईंनी हे गाणं दिल्लीत पहिल्यांदा गायलं २७ जानेवारी १९६३ ला. सीमेवर गोळ्या सुटत होत्या तेव्हा ते कोणाच्याच कानावर पडलेलं नव्हतं. तरी बासष्ट म्हटलं की मला तेच ऐकू येतं. सुतकातलं गाणं आपण लढाईचं म्हणून जपून ठेवलंय.

आत्या तेव्हा इथे तिसरीच्या वर्गाला शिकवायची. तिच्या डोक्यात त्या काळाचं गाणं एकच, 'जिंकू किंवा मरू'. तेही १९६३ चंच, 'छोटा जवान'मधलं. शब्द गदिमांचे, चाल वसंत देसाईंची. देसाई कुडाळकडचे, त्यामुळे आत्या त्यांच्याबद्दल बोलते ती चुलतभावाबद्दल बोलावं तशी. पोरांकडून ते बसवून घेणं मात्र कठीण गेलं म्हणे. "'मरू' इला की पोरां हसायची. आणि हेडमास्तर माका रागावत."

मग विषय मागे गेला, जर्मन-जपानच्या लढाईकडे. १९४३ चा 'किस्मत' तिच्या घरच्या सगळ्या मोठ्यांनी पाहिलेला. त्यातलं 'दूर हटो ऐ दुनियावालों' आज सगळ्यांना ठाऊक आहे. प्रदीपजींनी त्यात जर्मन आणि जपान्यांची नावं घातली, इंग्रजांच्या सेन्सॉरनं ते सोडलं, आणि थेटरातल्या माणसांना 'चले जाव' बरोबर ऐकू आलं. वीस वर्षांनी लताबाईंचं ते गाणं लिहिलं तेही याच प्रदीपजींनी. हे सगळं मी मोठ्या उत्साहानं सांगत होतो. आत्या अमीरबाईंची अंगाई गुणगुणू लागली, 'धीरे धीरे आ रे बादल'. तीही 'किस्मत'मधलीच, पण देशभक्तीच्या यादीत ती कोण घेणार? आत्याची आई तिला तीच म्हणून निजवायची.

"माका लढाईचा काय म्हायत? तांदूळ मिळा नाय, राकेल मिळा नाय."

बरोबरच आहे. १९४२ मध्ये जपान्यांनी ब्रह्मदेश घेतला आणि तिकडून येणारा तांदूळ बंद झाला. मुंबईवर बॉम्ब पडणार या भीतीनं माणसं गावाकडे निघाली. आत्याही तेव्हाच आईबरोबर बोटीनं इथे आली.

त्याच लढाईत आपल्या कोकणातली किती माणसं इंग्रजांच्या फौजेत होती! माणगावात यशवंत घाडगे यांचा पुतळा आहे. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे नाईक, वय २२. १० जुलै १९४४ ला इटलीत एकट्यानं मशीनगनच्या मोर्चावर चालून गेले, मोर्चा घेतला आणि तिथेच पडले. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. 'दूर हटो'त त्यांना जागा नाही, आणि बासष्टनंतरच्या गाण्यांत तर नाहीच. ते कोणासाठी लढले हे सांगताना आपली जीभ अडखळते, आणि अडखळत्या जिभेनं समूहगान होत नाही. निदान मला तरी असंच वाटतं.

आत्यानं सगळं ऐकून घेतलं. "लगीन झालेला त्याचा?"

झालेलं. पदक दिल्लीला व्हाइसरॉयनी त्यांच्या पत्नीच्या हाती दिलं, असं मी सांगितलं.

"तिका दिल्लीक कोण घेवन गेलो?"