तुती लावा, पण आधी गोठ्यातला दिवा बघा

गायींना ठरावीक पाला घातला की दुधात झोपेचं हार्मोन वाढतं, आणि असं दूध नाशिकला गंगापूर रोडच्या सोसायट्यांमध्ये चढ्या भावाने जाईल, हा बेत सध्या आमच्या दिरांच्या डोक्यात आहे. “वहिनी, बांधावर तुती लावू का?” त्यांनी विचारलं. मी म्हटलं, “लावा भाऊजी, पण आधी गोठ्यातल्या ट्यूबचं काहीतरी करू.”

ते हार्मोन म्हणजे मेलाटोनिन. मेंदूतल्या पिनियल ग्रंथीत ते अंधार पडल्यावर तयार होतं, डोळ्यावर उजेड आला की थांबतं. १९५८ साली येल विद्यापीठात आरन लर्नर यांनी ते पहिल्यांदा वेगळं काढलं, तेही गुरांच्याच ग्रंथींमधून. रक्तातून ते दुधात उतरतं. म्हणून रात्री काढलेल्या दुधात ते दिवसाच्या दुधापेक्षा जास्त भरतं. बाळंतिणीच्या दुधाचंही तसंच आहे: रात्री असतं, दिवसा जवळपास नसतं.

आमच्या निफाडकडे पहाटे अंधारातच धारा काढतात, कारण डेअरीची गाडी थांबत नाही. म्हणजे सकाळच्या कॅनमधलं दूध मुळात रात्रीचंच. पण गोठ्यात रात्रभर ट्यूब जळते. ती हौसेने कोणी लावत नाही. उसात बिबट्या आहे, वासरं दावणीला बांधलेली असतात, दिवा मालवून निवांत झोपायची माझी तरी हिंमत नाही. त्यावर मला सुचतं ते एवढंच: दिवा गोठ्याबाहेर, उसाच्या बाजूला तोंड करून लावायचा, वासरांना जाळी करायची आणि धारेपुरता आत मंद लाल बल्ब ठेवायचा. लाल उजेडाने मेलाटोनिन कमी दबतं.

यात एक अडचण आहे आणि ती दिरांना मी मुद्दाम सांगितली. दिवसाला सोळा तास उजेड मिळाला तर गाय दूध जास्त देते, हे प्रयोगांत पुन्हा पुन्हा दिसलंय. अंधार वाढवायचा आणि लिटरही वाढवायचे, हे एकाच गोठ्यात जमत नाही.

आता पाल्याचं. वनस्पतींमध्ये मेलाटोनिन असतं, हे १९९५ मध्ये पुढे आलं. मोहरी, मेथी, बडीशेप, आपण ज्याला लसूणघास म्हणतो त्याचं बी, तुतीची पानं, द्राक्षाची साल, सगळ्यांत ते सापडलंय. तुती आपल्याकडे नवी नाही, येवल्याकडे रेशमासाठी लावतात. पण गायीच्या पोटात आधी कोठीपोट लागतं. तिथले जंतू चाऱ्यातलं बरंच काही मोडून टाकतात. मेलाटोनिन ज्यापासून बनतं ते ट्रिप्टोफॅनही त्यांच्या तावडीतून सुटत नाही, म्हणून परदेशात त्यावर संरक्षक थर देऊन खाऊ घालतात. पानात आहे म्हणजे तेवढं दुधात आलं, असा सरळ हिशोब नाही.

आणि दुधात आलं तरी किती? रात्रीच्या दुधात मिलिलिटरला २० पिकोग्रॅम धरू (हजार पिकोग्रॅमचा एक नॅनोग्रॅम). पाव लिटरच्या पेल्यात झाले ५ नॅनोग्रॅम. औषधाच्या दुकानातली गोळी ३ मिलिग्रॅमची, म्हणजे ३० लाख नॅनोग्रॅम. एका गोळीइतकं मेलाटोनिन दुधातून घ्यायचं तर सहा लाख पेले लागतील. पाल्याने दहापट वाढलं असं मानलं तरी साठ हजार. हा आकडा वहीत मांडून दाखवला तेव्हा दीर बराच वेळ काही बोलले नाहीत.

सासूबाई रात्री कोमट दूध पितात आणि त्यांना शांत झोप लागते. ते मी रोज बघते आणि त्याबद्दल माझा काही वाद नाही. पोट भरलेलं, कामं उरकलेली, वेळ ठरलेली, यांचाही त्यात वाटा असणारच. पण ज्याला रात्र रात्र झोप नाही अशा माणसाला “हे घ्या, झोप येईल” म्हणून जास्त पैशांत पिशवी विकायची, हे मला पटत नाही. तो माणूस डॉक्टरकडे जायचा राहील.

शिवाय संकलन केंद्रावर फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) मोजतात, ३.५ आणि ८.५ टक्क्यांच्या आसपास सगळा खेळ. मेलाटोनिनचा तिथे रकानाच नाही. वेगळा भाव हवा तर सकाळचं दूध संध्याकाळच्या दुधात न मिसळता वेगळं थंड करावं लागेल, गिऱ्हाईकही स्वतःच शोधावं लागेल आणि प्रयोगशाळेत तपासणी करून घ्यावी लागेल.

आमचं ठरलंय ते असं. पावसाळ्यात बांधावर तुती लावायची, कारण तिच्या सुक्या पाल्यात १५ ते २५ टक्के प्रथिनं असतात आणि पेंडीचा खर्च थोडा तरी हलका होईल. दिवा बाहेर काढायचा, म्हणजे गायींना अंधारात नीट बसून रवंथ करता येईल. थेट गिऱ्हाईक मिळालं तर पिशवीवर “पहाटेचं दूध” एवढंच छापायचं. झोपेचा शब्द नाही.

दीर म्हणाले, “वहिनी, मग भाव?” ताज्या, न मिसळलेल्या दुधाचा जो मिळेल तो.