‘कन्सोलवर तर चालतंय, सर!’

नव्या मशीनवर एक सर्व्हर टिकेना. लिनक्सवर सर्व्हिस सुरू करणारा, सांभाळणारा सिस्टमडी म्हणायचा ‘स्टार्टेड’, आणि लगेच पुढच्या ओळीत मुख्य प्रोसेस स्टेटस १ (म्हणजे अपयश; यशाला शून्य) देऊन मेल्याची नोंद. कशाने मेली, त्याबद्दल लॉगमध्ये अवाक्षर नाही.

व्हेंडरच्या इंजिनिअरचं फोनवर एकच पालुपद: “सर, कन्सोलवर चालवून बघा ना.” बघितलं, चालत होतं. युजर तोच, कॉन्फिगही तीच. हे वाक्य लोक अंग काढून घ्यायला वापरतात. वास्तविक दोष कन्सोलवर हाताने आणि सिस्टमडीखाली, या दोन मोडमधल्या फरकातच आहे, एवढं त्यातून कळायला हवं.

परवानग्या, एसईलिनक्स, पोर्ट सगळं तपासून झाल्यावर एसट्रेस (strace, प्रोग्रॅमचे सिस्टम कॉल दाखवणारं टूल) लावला, चाइल्ड प्रोसेससकट. मग सगळा क्रम उलगडला. फोर्क, म्हणजे प्रोसेसने स्वतःची प्रत काढली: मूळ ती पेरेंट, प्रत ती चाइल्ड. पेरेंट तिथेच शून्य परत करून मोकळा. त्यावरच सिस्टमडीचं ‘स्टार्टेड’. चाइल्डने सेटसिड केलं (टर्मिनलपासून वेगळं सेशन घेतलं), रूट डिरेक्टरीत गेला, शून्य, एक, दोन हे तिन्ही डिस्क्रिप्टर (इनपुट, आउटपुट, एरर यांचे मार्ग) डेव्ह-नलला, म्हणजे लिहिलेलं सगळं गिळून टाकणाऱ्या फाइलला जोडले. आणि एवढं सगळं उरकल्यावर साहेब प्रायव्हेट की उघडायला निघाले! कॉन्फिगमध्ये इन्स्टॉलरने पाथ लिहिलेला रिलेटिव्ह, म्हणजे चालू फोल्डरपासून मोजायचा. रूटमध्ये ती फाइल कुठून असणार? कन्सोलवर आम्ही इन्स्टॉलच्या फोल्डरमधूनच चालवत होतो, म्हणून सापडायची. ‘की फाइल उघडता येत नाही’ हा एरर प्रोग्रॅमने इमानेइतबारे डिस्क्रिप्टर दोनवर लिहिलाही होता. राइट कॉलने सगळे बाइट लिहिले गेल्याचं कळवलं. गेले होतेच, डेव्ह-नलमध्ये.

यातली एकेक पायरी घेतली तर चुकीची नाही. रूटमध्ये जायचं ते माउंट केलेली डिस्क अडकून पडू नये म्हणून, डिस्क्रिप्टर बदलायचे ते टर्मिनल सुटावं म्हणून. प्रोसेसला बॅकग्राउंडला नेणाऱ्या ‘डीमन’ नावाच्या लायब्ररी फंक्शनला दोन शून्यं दिली की दोन्ही कामं फुकटात होतात. चुकला तो क्रम. कॉन्फिग, की, पोर्ट हे सगळं आधी उघडा, बोंबलायचं ते तिथेच बोंबला, मग टर्मिनल सोडा. निदान पेरेंटला तरी पाइपवर (चाइल्डचा निरोप येण्याच्या वाटेवर) थांबवा. चाइल्डने ‘तयार’ कळवल्याशिवाय शून्य देऊ नका.

खरं तर आता सर्व्हरने स्वतः बॅकग्राउंडला जायचंच कशाला? एनजिनएक्स या वेब सर्व्हरला ‘डीमन ऑफ’ आहे, एसएसएचडी या रिमोट लॉगिनच्या सर्व्हरला ‘-D’ (कॅपिटल डी) आहे. या व्हेंडरच्या सर्व्हरलाही फोरग्राउंडचा फ्लॅग निघाला, मॅन्युअलमध्ये ‘फक्त डीबगिंगसाठी’ म्हणून. तोच लावला, सिस्टमडीच्या युनिटमध्ये (सर्व्हिसच्या फाइलमध्ये) टाइप ‘फोर्किंग’चा ‘सिंपल’ केला, वर्किंग डिरेक्टरी दिली. सर्व्हर उभा राहिला. हाच डीफॉल्ट करा म्हटलं, तर उत्तर आलं, “जुन्या ग्राहकांच्या स्क्रिप्ट तुटतील.” या मुद्द्यावर मला अजून चोख उत्तर सुचलेलं नाही. फोरग्राउंडमधून कधीच न परतणारा सर्व्हर जुन्या स्क्रिप्टला लटकवून ठेवेल, हे खरंच आहे. पण पाइपवर थांबायला काय हरकत होती?

आता वेगळंच. आउटपुट टर्मिनलवर जात नाही म्हटल्यावर सी लायब्ररी ओळीओळीने न सोडता बफर भरेपर्यंत धरून ठेवते, त्यामुळे लॉग गठ्ठ्याने येतात. तूर्तास युनिटमध्ये स्टडबफ या बफरिंग बदलणाऱ्या कमांडचं ठिगळ लावलंय. प्रत्येक ओळीनंतर फ्लश करा, असं व्हेंडरला कळवलं आहे. त्यांनी टर्मिनलवर चालवून पाहिलं. तिथे लॉग वेळेवर येतात म्हणे.