तुम्ही विचारलंत म्हणून: सॉसेजची टोकं बाहेर का?

भिशी असो, वाढदिवस असो, माझे सॉसेज रोल ताटात आले की कोणीतरी विचारतंच, "टोकं उघडी का ठेवता? बेकरीतल्या पफसारखे बंद केलेत तर किती सुबक दिसतील!" आजवर मी "वाफेला वाट हवी" एवढंच सांगत आले. ते खोटं नाही. सॉसेजमधल्या पाण्याची ओव्हनमध्ये वाफ होते. चारी बाजूंनी पीठ लिंपलं की आतला पदर गिचका राहू शकतो, नाहीतर रोल सांध्यावर उलू शकतो. पण मी आधी बंदच करत होते, आणि ते चांगले होत होते.

मुलगा बारावी पास झाला त्या संध्याकाळी आमच्या बेळगावातल्या टिळकवाडीच्या घरी तीसेक माणसं होती. खानापूरकडून ह्यांच्या आत्या आल्या होत्या. आत्या माळकरी. एकादशी चुकत नाही, कांदा-लसूणही नाही. त्यांच्यासाठी बटाट्याचे रोल केले होते, बाकीच्यांना चिकन सॉसेजचे. पीठ एकच, आकार एकच, वरून दोन्हींना दुधाचा हात. ताटांपुढे चिठ्ठ्याही होत्या. मुलाने लिहिल्या होत्या, इंग्रजीत.

आत्या हरिपाठ वाचतात. इंग्रजी त्यांना येत नाही. दुकानांच्या पाट्यांवर मराठी हवं म्हणून ज्या घरातली माणसं वर्षानुवर्षं भांडली, त्या घरात ही चिठ्ठी.

दुसऱ्या घासाला त्या थांबल्या. "काय घातलीस गं ह्यात? रबरागत लागायलंय की." मला बोलता आलं नाही. शेजारचं पोर म्हणालं, "चिकन आहे, आजी."

त्यांनी उरलेला तुकडा बशीत ठेवला. मोरीवर गेल्या आणि चुळा भरत राहिल्या. किती वेळ, ते मी दाराशी उभी राहून ऐकत होते. बाहेर आल्या तेव्हा गळ्यातली तुळशीची माळ हातात होती. ती रुमालात गुंडाळून कमरेला खोचली. "मला एस.टी.वर सोडा," एवढंच बोलल्या. ना राग, ना रडणं. त्यांनी चार शब्द सुनावले असते तर मी आज हे लिहीत बसले नसते.

पुढच्या आषाढीला पंढरपुरात त्यांनी माळ पुन्हा घातली.

मी कितीतरी दिवस स्वतःशी भांडले. चिठ्ठी होती ना? विचारायचं होतं त्यांनी. आमच्या घरात मांस-मच्छी चालते, चोर्ला घाट उतरलं की गोवा, तिथलं चोरिस, म्हणजे डुकराच्या मांसाचं मसालेदार सॉसेज, तेही घरात येतं. ते का लपवायचं? हे मला आजही पटतं, म्हणून रोल करणं सोडलं नाही. पण दोन्ही ताटं एकाच बेकरीतून आल्यासारखी दिसावीत, हा हट्ट माझा होता. चिठ्ठी मुलाची, हट्ट माझा.

आता कृती, कारण तीही विचारता. पाव किलो मैदा, एक छोटा चमचा यीस्ट, 150 मिली कोमट दूध, 30 ग्रॅम लोणी, चवीला मीठ-साखर. मळून तासभर झाका. फ्रोझन सॉसेज पूर्ण वितळू द्या आणि फडक्याने कोरडी करा. ओली राहिली तर पीठ धरत नाही. 12 सॉसेजचे 24 तुकडे होतात. दोन बोटं रुंदीची पट्टी गुंडाळायची, सांधा खाली. 200 अंशांवर 15 ते 18 मिनिटं. गोव्याचं चोरिस घालू नका. ते कच्चं असतं, आधी शिजवावं लागतं, आणि त्याची चरबी सुटून पीठ तेलकट होतं. टोकं मात्र बोटाच्या रुंदीएवढी बाहेर राहू देत, लांबून दिसतील इतकी. बटाट्याचे रोल मी वेगळ्या ट्रेमध्ये, आधी भाजते, आणि चिठ्ठी मराठीत लिहिते.

आत्या अजून येतात. चहा घेतात, जेवत नाहीत. मागच्या महिन्यात त्यांच्यासाठी आत काहीच न घातलेले, नुसत्या पिठाचे रोल केले. त्यांच्यासमोर एक तोडून दाखवला. त्यांनी अर्धा हातात घेतला, उलटसुलट पाहिला, आणि मांडीवरच्या नातीला भरवला.