काटा शून्यावर होता

साताऱ्याच्या एका हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाल्या, मित्रासाठी मी बारा वर्षांपूर्वी दोन ८११ए व्हॉल्व्हचा (काचेच्या जुन्या धाटणीच्या नळ्यांचा) लिनियर ॲम्प्लिफायर बनवला होता. रेडिओचा सिग्नल अँटेनाकडे जाण्याआधी जोरदार करणारं खोकं. गेल्या पावसाळ्यात तो माझ्याकडे परत आला. मित्र फ्लॅटमध्ये राहायला गेला, सोसायटी गच्चीवर अँटेना लावू देईना. "तुझ्याकडेच ठेव, चालू करून कुणाला तरी दे," म्हणाला. नुसत्या ट्रान्सफॉर्मरचंच वजन असं, की खोकं टेबलावर चढवायला दोघं लागलो. दुसरा म्हणजे माझ्याकडे शनिवारी शिकायला येणारा इंजिनिअरिंगचा मुलगा.

इतकी वर्षं पडून असलेला ॲम्प्लिफायर थेट चालू करायचा नसतो. आम्ही व्हॉल्व्ह काढून ठेवले आणि आधी फक्त हाय व्होल्टेज सप्लाय तपासायला घेतला. व्हेरिॲकने, म्हणजे व्होल्टेज कमीजास्त करता येणाऱ्या ट्रान्सफॉर्मरने, हळूहळू २३० पर्यंत नेलं. ॲम्प्लिफायरच्या पुढच्या बाजूच्या मीटरवर १५०० व्होल्ट. एसीचं डीसी करणारा बारा डायोडचा ब्रिज, त्यापुढे चार्ज साठवणारा २५ मायक्रोफॅरडचा एकच मोठा, तेल भरलेला ऑइल कपॅसिटर. हा मी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर जुन्या सामानात शोधून काढला होता, आणि त्याचा मला अजून अभिमान आहे. सप्लाय बंद केला. काटा अगदी सावकाश उतरू लागला. दोन मिनिटं झाली तरी पुरता शून्यावर नव्हता.

"बघ," मी पोराला म्हणालो, "जुना माल. अजून कसा चार्ज धरतोय!"

हे वाक्य मला त्यानंतर कितीतरी दिवस आठवत राहिलं.

पुन्हा चालू करून तासभर ठेवायचं ठरलं. पाऊणएक तासाने काटा एकदम शून्यावर पडला. ना आवाज, ना वास. मला वाटलं फ्यूज गेला, नाहीतर एखादा डायोड. स्विच बंद केला, प्लग काढला, आणि आम्ही चहा प्यायला आत गेलो. दहा मिनिटं तरी गेली असतील. परत आल्यावर पोराने वरच्या झाकणाचे स्क्रू काढले. झाकण उघडलं की सप्लाय तोडून कपॅसिटर शॉर्ट करणारा स्विच मी तेव्हा बसवला नव्हता. जागा नाही, हे कारण. खरं म्हणजे कंटाळा.

त्याच्या हातात मल्टिमीटर होता, डायोड तपासायला तो आत वाकला.

"थांब. आधी काठी."

"काका, मीटर शून्यावर आहे. आणि दहा मिनिटं झाली."

"असू दे. काठी घे. आणि डावा हात खिशात."

काठी म्हणजे फायबरचा दांडा, टोकाला पितळी हूक, हुकाला जाड वायर, वायरचं दुसरं टोक चासीला, म्हणजे ॲम्प्लिफायरच्या धातूच्या सांगाड्याला, घट्ट. पोराने थोडं हसूनच हूक कपॅसिटरच्या टर्मिनलला लावला. बंदुकीसारखा आवाज झाला. निळा-पांढरा लोळ दिसला आणि दांडा त्याच्या हातातून सुटला. तो मागे स्टुलावर बसला तो बसूनच राहिला. माझे पाय लटपटत होते, पण मी उगाच खोकलो वगैरे.

२५ मायक्रोफॅरड आणि १५०० व्होल्ट म्हणजे सुमारे २८ ज्यूल. तीन किलोचा दगड एक मीटरवरून पडतो तेवढी ऊर्जा. बोटावर पडला तर बोट जाईल. पण ही एका हातातून शिरून छातीतून दुसऱ्या हाताने बाहेर पडली असती. हुकाच्या टोकाला मुगाएवढा खड्डा पडला होता.

पुन्हा हूक लावला, आणि यावेळी तिथेच अडकवून ठेवला. ऑइल कपॅसिटर एकदा शॉर्ट करून सोडला तरी थोडा चार्ज स्वतःच परत उभा करतो. मग शोध सुरू केला. कपॅसिटरवर १०० किलोओहमचा वायरवाउंड ब्लीडर होता, सप्लाय बंद झाल्यावर चार्ज रिकामा करायला. तो आतून तुटलेला होता, बाहेरून मात्र नवा दिसत होता. तो शाबूत असता तर काटा दहा-बारा सेकंदांत खाली आला असता. सकाळी तो दोन मिनिटं रेंगाळत होता, कारण चार्ज फक्त पुढच्या मीटरच्या वाटेवरच्या २ मेगओहमच्या रेझिस्टरमधून झिरपत होता. ॲम्प्लिफायर ओरडून सांगत होता, आणि मी कपॅसिटरचं कौतुक करत बसलो होतो.

आणि मग तो २ मेगओहमचा रेझिस्टरही गेला. मीटरची वाटच तुटली, काटा शून्यावर आला तो त्यामुळे. फ्यूज ठीक, सगळे डायोड ठीक, कपॅसिटरवर तेव्हा पूर्ण १५०० व्होल्ट.

तो रेझिस्टर मीच लावलेला. एकच, दोन वॉटचा. वॉटचा हिशेब मी केला होता: पाऊण मिलिॲम्पिअर, म्हणजे सव्वा वॉटसुद्धा नाही. पण रेझिस्टरला व्होल्टेजचीही मर्यादा असते, आणि तसल्या रेझिस्टरची ती साधारण ५०० व्होल्टच्या आसपास. मी त्याच्यावर दीड हजार टाकले होते. बारा वर्षं तो टिकला हीच त्याची मेहेरबानी. आता २०० किलोओहमचे दहा ओळीने लावले, प्रत्येकावर दीडशे व्होल्ट. ब्लीडर एकाऐवजी दोन, समांतर. झाकणाला स्विच. जागा निघाली.

संध्याकाळी व्हॉल्व्ह लावले. ७.१ मेगाहर्ट्झवर, डमी लोडमध्ये (अँटेनाऐवजी लावायच्या रेझिस्टरमध्ये), प्लेट ट्यूनचा डिप, म्हणजे ट्यूनिंगची नेमकी जागा, पहिल्याच फेरीत सापडला आणि वॉटमीटरवर २४० वॉट आले. एरवी मी यावर पानभर लिहिलं असतं. पोराने फक्त सप्लाय बंद केल्यावर काटा उतरायला किती सेकंद लागतात ते मोजलं, तीनदा.

रात्री वही काढली. तशाच सर्किटचे आणखी दोन ॲम्प्लिफायर मी बनवून दिले होते. पहिल्याला फोन लावला, त्याने चालू करून लगेच बंद करून पाहिलं. काटा दहा सेकंदांत खाली. तरी रेझिस्टर बदलायला घेऊन ये म्हटलं.

दुसरा म्हणाला, "मीटर होय? तो दोन वर्षांपूर्वीच बंद पडला. पण पॉवर एकदम झकास देतोय, त्यामुळे मी काही उघडून बघितलं नाही."

"नको बघू," मी म्हटलं. "मीच येतो उद्या. काठी घेऊन."