आमची वाटचाल : उजेड, भिंत आणि कलादालन

पंचवटीतील जुन्या वाड्यांची माळवदे आणि कौले दुरुस्त करण्यापासून आमच्या बांधकाम व्यवसायाला सुरुवात झाली. पुढे शाळा आणि वाचनालये बांधली. सार्वजनिक कलादालनाचे पहिले काम मिळाले, तेव्हा मात्र उजेडाचा अभ्यास नव्याने करावा लागला.

कलादालनाला उत्तरेचा उजेड घ्यावा, हा सर्वमान्य नियम युरोपात रुजला. लंडन ५१ अंश उत्तर अक्षांशावर असल्याने तेथे माध्यान्हीचा सूर्य वर्षभर दक्षिणेलाच असतो. नाशिक २० अंशांवर आहे; त्यामुळे मे महिन्याच्या उत्तरार्धापासून जुलैच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत माध्यान्हीचा सूर्य माथ्याच्या किंचित उत्तरेला जातो आणि उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळचे तिरपे ऊन उत्तरेच्या काचेतून थेट आत शिरते. जलरंगातील आणि कागदावरील चित्रांना साधारण ५० लक्स (लक्स म्हणजे पृष्ठभागावर पडणारा उजेड मोजण्याचे एकक), तर तैलचित्रांना २०० लक्स एवढाच उजेड मानवतो. बाहेर भर दुपारी तो लाखाच्या घरात असतो. म्हणून आम्ही उत्तरेच्या खिडक्यांनाही वर छज्जा आणि दोन्ही बाजूंना उभ्या पट्ट्या देतो, आणि आर्किटेक्टने नकाशात त्या दाखवल्या नसतील तर काम सुरू होण्यापूर्वीच तसे सुचवतो. अमेरिकन वास्तुविशारद लुई कान यांनी टेक्सासमधील किंबेल कलासंग्रहालयात (१९७२) छताच्या माथ्यावरील फटीतून आलेले ऊन धातूच्या परावर्तकांवरून काँक्रीटच्या कमानदार छताकडे वळवले. ती रचना आमच्या प्रत्येक नव्या मिस्त्रीला आम्ही आवर्जून समजावून सांगतो, कारण उजेड आत घेण्याइतकेच त्याला वळण लावणे महत्त्वाचे आहे, हे त्यातून चटकन उमगते.

पावसाळ्याच्या दृष्टीने छतातील झरोक्याभोवती काँक्रीटची उभी कड स्लॅबबरोबरच ओतून घेतो आणि कोबा (गच्चीवरील पाणीरोधक थर) झाल्यावर गच्चीवर पाणी कोंडून गळती तपासतो.

भिंतीबाबत आमचा आग्रह अधिक कडक आहे. नवा गिलावा वरून कोरडा दिसला, तरी आतील ओल कित्येक महिने सोडत राहतो आणि ती ओल चित्राच्या कागदाला बुरशी आणते. त्यामुळे प्रदर्शनाच्या भिंतीवर पट्ट्या ठोकून, मागे हवेसाठी पोकळी ठेवून प्लायवूड बसवतो. त्यात खिळाही घट्ट राहतो आणि दर प्रदर्शनानंतर गिलावा उखडत नाही. उद्घाटनाची तारीख मात्र इमारतीने एक पूर्ण पावसाळा पाहिल्यानंतरचीच असावी, अशी अट आम्ही आता करारातच लिहून घेतो.